भरदिवसा उठलेलं मढं

नदीकाठची हिरवळ, मागे टेकडी, वर ढगाळ आभाळ. एक तरुणी तिच्या चिमुकल्या मिनी गाडीपाशी एकटी थांबली आहे. बरोबरचा माणूस रस्ता विचारायला शेतापलीकडे गेला आहे. आसपास चिटपाखरू नाही. आणि पाण्याच्या बाजूने एक माणूस चालत येतो. काळसर कपडे, उंच बांधा, डोळे कुठेतरी पलीकडे लागलेले. त्याला घाई नाही. तो धावत नाही, ओरडत नाही, नुसता येत राहतो. जवळ आल्यावर दिसतं, त्याचे कपडे ओले आहेत आणि डोळे लालभडक.

या माणसाचं नाव गथ्री. गावात येऊन-जाऊन राहणारा एक भणंग. काही दिवसांपूर्वी तो पाण्यात बुडून मेला आहे.

मी भुतांचे, मुडद्यांचे, रक्ताचे पुष्कळ चित्रपट पाहिले. त्यातले बहुतेक विसरलो. हे एक दृश्य मात्र माझ्या मनातून जात नाही, कारण ते दिवसा घडतं. आपल्याकडे जुनी माणसं लहान पोरांना भर दुपारी बारा वाजता विहिरीवर किंवा चिंचेखाली जाऊ देत नसत. रात्रीची भीती सगळ्यांनाच कळते. दुपार ओस पडली की तिच्यातही काहीतरी फिरतं, हे त्यांना ठाऊक होतं. स्पेनचा दिग्दर्शक होर्हे ग्राऊ याला ते कुठून ठाऊक झालं, देव जाणे. पण १९७४ साली त्याने केलेला हा चित्रपट त्याच जाणिवेवर उभा आहे.

चित्रपटाचं स्पॅनिश नाव ‘नो प्रोफानार एल स्वेन्यो दे लोस मुएर्तोस’. म्हणजे, ‘मेलेल्यांची झोप विटाळू नका’. इंग्लंडमध्ये तो ‘द लिव्हिंग डेड अॅट मँचेस्टर मॉर्ग’ झाला. पुढे काही ठिकाणी ‘लेट स्लीपिंग कॉर्प्सेस लाय’ झाला. अमेरिकेत ‘डोन्ट ओपन द विंडो’ या नावाने लागला, आणि गोष्टीचा खिडकीशी काडीचाही संबंध नाही! मँचेस्टरच्या शवागाराशीही नाही, कारण पहिल्या काही मिनिटांतच मँचेस्टर मागे पडतं. देशोदेशी इतकी नावं मिळाली की नावांच्या गर्दीत चित्रपटच हरवला. झोंबी म्हटलं की लोकांना अमेरिकेचा जॉर्ज रोमेरो आठवतो, इटलीचा लुचिओ फुल्ची आठवतो. त्या दोघांच्या मधल्या काळात एक स्पॅनिश माणूस इंग्लंडच्या हिरव्या कुरणांत कॅमेरा घेऊन उभा होता, हे फार थोड्यांना आठवतं.

आधी मधला काळ म्हणजे काय ते पाहू. ‘झोंबी’ हा शब्द कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशाच्या लोकसमजुतींतून आला. तिथला झोंबी म्हणजे मांत्रिकाने थडग्यातून उठवून राबवून घेतलेला गुलाम. त्याला भूक नाही, राग नाही. तो नुसता मालकाचं ऐकतो. उसाच्या मळ्यांत गुलामगिरी भोगलेल्या लोकांच्या मनातली ती सर्वांत काळी भीती होती: मेल्यावरही सुटका नाही. १९६८ साली रोमेरोने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केला आणि ही कल्पना उलटी करून टाकली. त्याची प्रेतं कुणाचीच गुलाम नव्हती. ती आपणहून उठत आणि माणसं खात. सव्वा लाख डॉलरांच्याही आतल्या खर्चात, कृष्णधवल चित्रफितीवर केलेल्या त्या चित्रपटाने जगभर खळबळ उडवली. इटलीचा निर्माता एदमोंदो आमाती याने ग्राऊला काम दिलं तेव्हा त्याची अपेक्षा साधी होती: तसलाच एक चित्रपट हवा, पण रंगीत.

‘तसलाच’ चित्रपट करायला सांगितलं की बहुतेक लोक तसलाच करतात. ग्राऊ वेगळ्या घडणीचा होता. त्याचा जन्म १९३० चा, बार्सिलोनाचा. चित्रपटाचं शिक्षण त्याने रोमला घेतलं. साठच्या दशकात तो गंभीर, वास्तववादी चित्रपट करत होता. भयपटांकडे तो नंतर वळला. त्यामुळे त्याच्या हातात भयकथा आली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो माहितीपट करणाऱ्याचा: मेलेले उठतात, ठीक आहे. पण उठतात *कशाने*?

रोमेरोच्या चित्रपटात याचं उत्तर ओझरतं येतं. शुक्राकडून परतलेल्या यानातून काही किरणोत्सर्ग झाला असावा, असं दूरदर्शन संचावर कुणीतरी बोलतं, आणि विषय तिथेच संपतो. ग्राऊ या प्रश्नाभोवती अख्खा चित्रपट बांधतो.

गोष्ट अशी आहे. जॉर्ज नावाचा दाढीवाला, लांब केसांचा तरुण मँचेस्टरमधलं जुन्या वस्तूंचं दुकान बंद करतो आणि मोटारसायकलवर बसून खेड्याकडे निघतो. पेट्रोलपंपावर एडना नावाची तरुणी गाडी मागे घेताना त्याची मोटारसायकल चिरडते. आता भरपाई म्हणून तिने त्याला गाडीतून सोडायचं ठरतं. ती बहिणीकडे निघाली आहे. वाट चुकते. रस्ता विचारायला जॉर्ज एका शेतात जातो, आणि तिथे त्याला कृषी खात्याची माणसं एक नवीन यंत्र चालवताना दिसतात. या यंत्रातून अतिउच्च कंपनांच्या ध्वनिलहरी निघतात. त्या लहरी पिकावरच्या किड्यांच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. किडे वेडे होतात, एकमेकांवर तुटून पडतात आणि मरतात. फवारणी नको, काही नको. अधिकारी खूश आहेत. प्रयोग यशस्वी आहे. आता फक्त यंत्राचा पल्ला वाढवायचा.

त्याच वेळी, तिकडे नदीकाठी, गथ्री पाण्यातून चालत येतो.

इथे थांबून या कल्पनेची रचना जरा न्याहाळण्यासारखी आहे, कारण मला हा चित्रपट आवडायला लागला तो इथे. ग्राऊ आणि त्याचे इटालियन पटकथालेखक आपल्याला एक जिना चढायला लावतात. पहिली पायरी किडे. त्यांची मज्जासंस्था अगदी साधी, म्हणून यंत्राचा परिणाम आधी त्यांच्यावर. दुसरी पायरी आपल्याला जवळच्या रुग्णालयात दिसते: नुकतीच जन्मलेली बाळं विलक्षण हिंसक झाली आहेत, त्यांना हाताळणाऱ्यांवर हल्ला करत आहेत. का? कारण नवजात बाळाची मज्जासंस्थाही अजून पुरती घडलेली नाही. आणि तिसरी पायरी: नुकती मेलेली माणसं. मन विझलं, विचार विझला, पण मज्जासंस्थेची ती खालची, आदिम यंत्रणा अजून पूर्णपणे थंड झालेली नाही. जे यंत्र किड्याला पेटवतं ते तिलाही पेटवतं.

किडा, बाळ, प्रेत. या तिघांना एका ओळीत बसवणारा दुसरा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही.

यात खरं किती? शेवटची पायरी अर्थातच खोटी आहे. ध्वनिलहरींनी मेलेला माणूस उठत नाही. पण जिन्याचं लाकूड खरं आहे. पालीची शेपटी तुटून पडते तेव्हा ती कशी वळवळते, हे आपण सर्वांनी लहानपणी डोळे विस्फारून पाहिलेलं असतं. पाल केव्हाच भिंतीवर पळालेली असते आणि शेपटी जमिनीवर एकटीच नाचत असते. त्या शेपटीला मेंदू नाही. तिच्यातल्या मज्जातंतूंना हलायला मेंदूची परवानगी लागत नाही. मुंडकं उडालेलं झुरळ कितीतरी दिवस जिवंत राहू शकतं, कारण त्याच्या शरीराच्या प्रत्येक भागात मज्जापेशींची छोटी-छोटी गावं असतात आणि ती आपापला कारभार पाहतात. तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की ते मूठ घट्ट आवळतं. आपल्याला वाटतं, बाळाने ओळखलं! खरं तर ती त्याची उपजत प्रतिक्षिप्त क्रिया असते. मेंदूचे वरचे मजले बांधून होईपर्यंत तळमजला स्वतंत्रपणे चालतो.

आणि मेलेल्याचं म्हणाल, तर १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये एक प्रयोग झाला होता. जोव्हानी अल्दिनी हा इटालियन शास्त्रज्ञ. बेडकाच्या तंगडीला वीज लावून ती उडते हे दाखवणाऱ्या लुइजी गॅल्व्हानीचा हा भाचा. न्यूगेट तुरुंगात फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या माणसाच्या प्रेताला त्याने विजेच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, चेहरा वेडावाकडा झाला आणि एक डोळा उघडला. पंधरा वर्षांनी, १८१८ साली, मेरी शेली यांची ‘फ्रँकनस्टाइन’ प्रसिद्ध झाली. प्रेताच्या स्नायूत काही काळ काहीतरी शिल्लक असतं, हे माणसाने प्रत्यक्ष पाहिलं, आणि त्यातून एक अख्खी साहित्यपरंपरा जन्माला आली. ग्राऊचा चित्रपट त्या परंपरेचा कायदेशीर वारस आहे. वीज जाऊन तिथे आवाज आला, एवढाच फरक.

आवाजाची निवडही मला फार सूचक वाटते. माणसाच्या कानाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतची कंपनं ऐकू येतात. त्याच्या वर वटवाघळांचं राज्य सुरू होतं. त्याच जातीच्या ध्वनीने आज आपल्याकडे सोनोग्राफी करतात आणि आईच्या पोटातलं बाळ पडद्यावर दिसतं. म्हणजे ऐकू न येणारा हा ध्वनी वाईट आहे असं नाही. पण जे ऐकू येत नाही, दिसत नाही, ज्याला वास नाही, ते आपल्या शेतावरून, घरावरून, दफनभूमीवरून पसरत असेल तर आपल्याला कळणार कसं? सत्तरच्या दशकात हा प्रश्न हवेत होता. डीडीटीने किडे मरतात हे पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधलं आणि १९४८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. १९६२ साली रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ आलं आणि त्या वरदानाची दुसरी बाजू जगापुढे आली. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. दोन वर्षांनी ग्राऊचं यंत्र शेतात उभं राहिलं. फवारणीचं विष नको म्हणून आणलेलं, स्वच्छ, आधुनिक, सरकारी शिक्क्याचं यंत्र.

आता चित्रपटाची पहिली काही मिनिटं पुन्हा पाहावीत. जॉर्ज शहरातून बाहेर पडतो तेव्हा कॅमेरा त्याच्याकडे कमी आणि शहराकडे जास्त पाहतो. धुराडी. धूर. गर्दी. रहदारी. तोंडावर रुमाल धरलेली माणसं. रस्त्यावर मरून पडलेला पक्षी. मध्येच एक तरुणी अंगावरचे कपडे टाकून रहदारीतून धावत जाते, बोटांनी शांततेची खूण करते. आणि भोवतालची माणसं निर्विकार. कुणी दचकत नाही, कुणी हसतसुद्धा नाही. मेलेले उठायला अजून बराच अवकाश आहे, पण मेल्यासारखं जगणारे आपल्याला आधीच दाखवून झाले आहेत. एकही संवाद खर्ची न घालता.

मँचेस्टर हे नाव मराठी माणसाला परकं नाही. इचलकरंजीला आपण कौतुकाने महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली तेव्हा जळत होतं ते मुख्यतः इंग्लंडच्या गिरण्यांचं कापड, आणि त्या गिरण्यांची राजधानी मँचेस्टर. यंत्रयुग जिथे सुरू झालं त्या शहरापासून ग्राऊने आपली गोष्ट सुरू केली, ही निवड साधी नाही. धुरातून निघून हिरव्या माळावर पोहोचलेल्या माणसाला वाटतं, सुटलो. आणि त्या माळावरही यंत्र आधीच येऊन उभं असतं.

हा हिरवा माळ कथेत लेक डिस्ट्रिक्टकडचा, विंडरमिअरच्या वाटेवरचा आहे. प्रत्यक्षात चित्रीकरण मुख्यतः डर्बीशायरच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये झालं. डव्हडेलची दरी, आणि हॅदरसेज गावचं सेंट मायकल चर्च. या चर्चच्या आवारात रॉबिन हूडचा सवंगडी लिटल जॉन याचं म्हणून दाखवलं जाणारं थडगं आहे. म्हणजे ती जागा चित्रपटाच्या शेकडो वर्षं आधीपासून एका दंतकथेला उशाशी घेऊन झोपलेली. तिथे सेट उभारायची गरज काय! दगड खरे, शेवाळ खरं, धुकं खरं. कमी पैशांत चित्रपट करणाऱ्याने शिकावा असा हा पहिला धडा आहे: जागा नीट निवडली की निम्मं काम जागाच करते.

दुसरा धडा प्रेतांच्या संख्येचा. पुढे झोंबीपटांत हजारोंच्या झुंडी आल्या. इथे मेलेले मोजकेच आहेत. त्यामुळे प्रत्येक मेलेला *कुणीतरी* आहे. गथ्री पाण्यात बुडालेला, म्हणून ओला. रुग्णालयातल्या एका प्रेताच्या छातीपोटावर शवविच्छेदनाचे टाके आहेत. मरण ज्या रूपात आलं त्या रूपात ते उठतात, आणि त्यांच्या अंगावर त्यांच्या मरणाची कहाणी लिहिलेली असते. रंगभूषा आणि विशेष दृश्यांचं काम जान्नेत्तो दे रोस्सी या इटालियन कलावंताचं. याच माणसाने पाच वर्षांनी फुल्चीच्या ‘झोंबी २’मधली कुजकी, मातीने माखलेली प्रेतं घडवली आणि तो प्रसिद्ध झाला. पण इथलं त्याचं काम मला जास्त भिववतं. इथे माणूस अजून माणसासारखा दिसतो. फक्त डोळे लाल.

डोळ्यांवरून आठवलं. चित्रपटाच्या मध्यावर एक प्रसंग आहे. तो जरा जवळून पाहू. दफनभूमीच्या तळघरात शवपेट्या आहेत. त्यात ताजी प्रेतं आहेत, पण ती अजून उठलेली नाहीत. गथ्री तिथे येतो. त्याची बोटं रक्ताने भरलेली आहेत. तो एका प्रेतावर वाकतो आणि बोटाने त्याच्या मिटल्या पापण्यांना रक्त लावतो. ओरबाडणं नाही, घाई नाही. क्षण जातो. पापण्या उघडतात.

आपल्याकडे पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती घडते, रंगते, पण ती ‘बघायला’ लागते ती डोळ्यांची आखणी झाल्यावर. आखणी करणारा कारागीर सर्वांत कसलेला असतो. त्याचा हात त्या घडीला थरथरून चालत नाही. तोवर माती असते. रेघ उमटली की समोरून कुणीतरी पाहायला लागतं. ग्राऊने नेमकी ही क्रिया उलटी करून ठेवली आहे. इथेही बोटाने डोळा उघडला जातो, इथेही हात स्थिर आहे, इथेही निश्चल देहात काहीतरी उतरतं. पण जे उतरतं ते दैवत नाही. मंगल विधीची उलटी बाजू दाखवणारा हा प्रसंग इतका थंडपणे चित्रित केला आहे की तो पाहताना माझ्या घशाला एकदम कोरड पडली होती. या प्रसंगाला खर्च किती आला असेल? थोडा लाल रंग आणि एक बोट.

आणखी एक गोष्ट अशीच फुकटातली आणि अमूल्य. एडनाचा मेहुणा छायाचित्रकार आहे. रात्री धबधब्यापाशी त्याने आपोआप चालणारा कॅमेरा लावून ठेवलेला असतो. त्याच वेळी गथ्री त्याच्यावर हल्ला करतो आणि कॅमेरा आपलं काम करत राहतो: लखकन उजेड, अंधार, पुन्हा उजेड. पुढे त्या चित्रफिती धुतल्या जातात. आता पुरावा मिळणार, असं आपल्याला वाटतं. छायाचित्रांत मेहुणा दिसतो. गथ्री दिसत नाही. मेलेले छायाचित्रात येतच नाहीत. किती साधी, किती भयंकर कल्पना! आपण ज्या पट्टीवर हा चित्रपट पाहतो आहोत तीही कॅमेऱ्याचीच. गोष्टीतल्या कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते आपल्याला मात्र दिसतं, आणि ते पोलिसांना सांगायला आपण काही तिथे जाऊ शकत नाही.

पोलीस. या चित्रपटातला खरा थंड माणूस प्रेतांपैकी नाही. तो इन्स्पेक्टर आहे. ही भूमिका आर्थर केनेडी या अमेरिकन नटाने केली आहे. पाच वेळा ऑस्करचं नामांकन मिळालेला, ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त पत्रकार झालेला नट या छोट्या चित्रपटात येतो आणि जीव ओतून काम करतो. त्याच्या इन्स्पेक्टरला लांब केसांच्या पोरांचा तिटकारा आहे. खून झालेत? मग ते या दाढीवाल्यानेच केले असणार. त्याचा निकाल आधी ठरतो, पुरावे नंतर शोधले जातात. जॉर्ज ओरडून सांगतो, यंत्र बंद करा. डॉक्टरलाही शंका येते. पण शास्त्रज्ञांना आपलं यंत्र प्रिय, अधिकाऱ्यांना प्रयोग प्रिय, आणि इन्स्पेक्टरला आपलं मत प्रिय. या तिघांपैकी एकानेही कान उघडे ठेवले असते तर चित्रपट अर्ध्यात संपला असता.

हा चित्रपट बनत होता तेव्हा स्पेनवर जनरल फ्रँकोची हुकूमशाही होती. फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये गेला. तोवर स्पेनमध्ये सेन्सॉरची कात्री कडक होती, आणि भयपट करणारे अनेकजण आपली गोष्ट परदेशात घडवत. रक्त इंग्लंडमध्ये सांडलं, पोलीस इंग्रज असले, की माद्रिदमध्ये कुणाला बोचत नसे. पण माद्रिदच्या प्रेक्षकाला तो इन्स्पेक्टर ओळखीचा वाटला नसेल? तरुणांचे केस पाहून गुन्हेगार ठरवणारा, प्रश्न विचारणाऱ्याला शत्रू मानणारा माणूस त्याने आपल्या गल्लीत रोज पाहिलेला होता. मला या चित्रपटाचं मर्म इथे सापडतं. मेलेले उठतात ती एक दुर्घटना आहे. त्यांना उठू देत राहणं हा मात्र कारभार आहे. भीती कबरीतून येत नाही; जे यंत्र बंद करता आलं असतं आणि कुणी केलं नाही, त्या यंत्रातून ती येते.

म्हणूनच हा चित्रपट पाहताना मला २०१७ चं यवतमाळ आठवलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा कित्येक दिवस ती बातमी कोपऱ्यात पडून होती. तुलना मी ताणणार नाही. ती माणसं खरी होती, आणि हा चित्रपट आहे. पण पिकावरच्या किडीसाठी आणलेली गोष्ट माणसापर्यंत पोहोचते आणि ऐकणाऱ्या कानांपर्यंत पोहोचायला तिला उशीर होतो, हे या चित्रपटाने १९७४ सालीच ओळखलं होतं.

आता कानांविषयीच बोलू, कारण या चित्रपटाचं सर्वांत मोठं वैभव त्याचा आवाज आहे. संगीत जुलिआनो सोर्जिनी यांचं. त्यात सुरावट कमी आणि घरघर जास्त. पार्श्वसंगीतात कुणीतरी श्वास घेतं. जड, घोगरा, ओढून आणलेला श्वास. मेलेल्याला श्वास कशाला? बुद्धी हा प्रश्न विचारते, पण अंगावर काटा तोवर येऊन गेलेला असतो. त्यात शेतातल्या यंत्राचा घुमणारा, एका लयीत चालणारा आवाज मिसळतो. पडद्यावर हिरवळ आहे, वारा आहे, काही घडत नाही. पण कान सांगतात की काहीतरी चालू आहे. डोळ्यांना सुख आणि कानांना भय, असा दुहेरी खेळ ग्राऊ दीड तास खेळतो.

मग इतका चांगला चित्रपट मागे का पडला? नावांचा घोळ सांगितलाच. शिवाय १९८० नंतर इंग्लंडमध्ये घरोघरी व्हिडिओ आले आणि भयपटांच्या कॅसेटींवरून मोठं काहूर उठलं. सरकारी वकिलांनी आक्षेपार्ह चित्रपटांच्या याद्या केल्या, वर्तमानपत्रांनी त्यांना ‘व्हिडिओ नॅस्टीज’ म्हणजे ‘ओंगळ व्हिडिओ’ म्हटलं. ग्राऊचा चित्रपट त्या यादीत गेला. १९८४ चा व्हिडिओ कायदा याच काहुरातून जन्मला. नंतर वर्षानुवर्षं लोकांनी हा चित्रपट पाहिला तो कापलेल्या, फिकुटलेल्या प्रतींतून. ज्याची सगळी जादू हिरव्या रंगात आणि आवाजात आहे, त्याचा रंग उडालेला आणि आवाज खरखरीत! शेवटी मूळ निगेटिव्हवरून तो नव्याने उजळला गेला आणि २०२० साली अमेरिकेत त्याची नवी, स्वच्छ आवृत्ती ब्लू-रेवर आली. ती पाहायला ग्राऊ नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तो गेला. जॉर्ज झालेला देखणा रे लव्हलॉक त्याच्या आदल्या वर्षीच गेला होता.

चित्रपट निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. संवाद नंतर भरलेले आहेत आणि ते काही ठिकाणी ओठांशी जुळत नाहीत. त्या काळच्या इटालियन-स्पॅनिश चित्रपटांची ती रीतच होती. मधला काही भाग रेंगाळतो. शेवटच्या अर्ध्या तासात रक्तपात आहे, आणि तो खराखुरा वाटेल असाच आहे. मुलांसोबत पाहण्याचा हा चित्रपट नाही. पण रोमेरोची नक्कल मागवलेल्या निर्मात्याला एका दिग्दर्शकाने त्या बदल्यात काय दिलं, याचा विचार केला की मन भरून येतं. थोड्या पैशांत, मोजक्या नटांसह, परक्या देशात, परक्या भाषेत, त्याने असा एक विचार मांडला जो आज जास्त खरा झाला आहे.

शेवट मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की तो न्यायाचा आहे, आणि त्या न्यायाने समाधान होत नाही.

हा चित्रपट जरूर शोधा. नाव कुठलंही सापडो, दिग्दर्शकाचं नाव होर्हे ग्राऊ आणि साल १९७४ असल्याची खात्री करा. जुनी, कापलेली प्रत टाळा. नवी उजळलेली प्रत मिळवा. सुरुवातीचं मँचेस्टर घाईने पुढे ढकलू नका. दिवे मालवा, कानाला हेडफोन लावा आणि आवाज थोडा मोठा ठेवा. यंत्र सुरू झालं की तुम्हाला ते आधी ऐकू येईल.